गादी घेताना कव्हर नको, आतलं बघा

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेचा फोन आला. मुलीचा निकाह दोन महिन्यांवर आलेला. म्हणाली, "आपा, गाद्या बघून आलो. पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आहेत आणि वरून सगळ्या सारख्याच दिसतात. दुकानदार म्हणतो सगळ्याच चांगल्या. घ्यायची कुठली?"

तिची अडचण खरी आहे. साडी घेताना आपण पोत बघतो, तांदूळ घेताना दाणा चावून बघतो. गादीचं तसं नाही. तिचा माल आत शिवून बंद केलेला असतो आणि आपण पैसे देतो ते बहुतेक वेळा वरच्या चमकदार कापडाला बघून. मीही तेच केलं होतं.

चार-साडेचार वर्षांपूर्वी अम्मीची कंबर खूप दुखायला लागली. कुणीतरी म्हणालं, ऑर्थो गादी घ्या. दुकानात गेले. ६ फूट बाय ३ फूट, ५ इंच जाडीची गादी, कव्हरवर मणक्याचं चित्र, कोपऱ्यात "१० वर्षे वॉरंटी". दुकानदार म्हणाला, "चाळीस डेन्सिटी आहे मॅडम, डोळे झाकून घ्या." मी खरंच डोळे झाकून ६,५०० रुपये दिले. चौदाव्या महिन्यात मधोमध खळगा पडला. अम्मी एके दिवशी सकाळी उठून बसली आणि म्हणाली, "बेटी, ये गादी नै, गड्ढा है."

वॉरंटी मागायला गेले. त्यांनी मोजपट्टी लावली. खळगा एक इंचाचा भरला. अटीत लिहिलं होतं, दीड इंचापेक्षा खोल असेल तरच बदलून मिळेल. शिवाय गादीवर चहाचा डाग होता, त्यामुळे वॉरंटी तशीही रद्द. बिल काढून बघितलं तर त्यावर फक्त "गादी, १ नग" लिहिलेलं. चाळीस डेन्सिटीचा कुठे उल्लेख नाही.

घरी येऊन मी ब्लेडने शिवण उसवली. वर एक इंच मऊ फोम, खाली एक इंच फोम, आणि मधले तीन इंच टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये येते तसली पांढरी शीट. त्या दिवसापासून गादी घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते. आत काय आहे ते बघा, त्याचं वजन करा, आणि दुकानदार जे तोंडी सांगतो ते बिलावर लिहून घ्या. हे कसं करायचं ते खाली सविस्तर सांगते.

आत काय काय असू शकतं

बाजारात आज मुख्यतः पाच-सहा प्रकारचा माल मिळतो.

कापूस: आपली जुनी गादी. हवा खेळती राहते, उकाड्यात बरी वाटते. दबते, पण पुन्हा पिंजून भरता येते. हा गुण दुसऱ्या कुठल्याच गादीत नाही.

काथ्या म्हणजे कॉयर: नारळाच्या सोडणाच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून, दाबून केलेले पत्रे. कडक आणि थंड. माल हलका असेल तर काही वर्षांत रबर सुकतं, तंतू तुटतात आणि पलंगाखाली तपकिरी भुसा पडायला लागतो. तो भुसा दिसला की गादी बसायला लागली समजा.

पीयू फोम: ज्याला आपण सरसकट स्पंज म्हणतो. यात अगदी हलक्यापासून उत्तमपर्यंत सगळं येतं, त्यामुळे सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. एचआर फोम हा याच घराण्यातला, जास्त लवचिक. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि हात काढला की सावकाश वर येतो. तो बहुतेक वेळा वरचा एक-दोन इंचाचा थर असतो, पूर्ण गादी नव्हे.

रीबॉन्डेड फोम: फोमच्या रंगीबेरंगी तुकड्यांना चिकटवून, दाबून केलेला. जड आणि कडक. खालच्या आधारासाठी चालतो. मात्र तुकडे कसले आहेत आणि चिकटवलेत कसे यावर सगळं अवलंबून.

लेटेक्स: रबराच्या चिकापासून केलेला. नैसर्गिक लेटेक्स टिकतो चांगला, पण महाग आणि वजनाने भारी. "लेटेक्स" म्हणून विकलेल्या गादीत कधीकधी लेटेक्सचा थर एकच इंचाचा असतो, म्हणून किती इंच लेटेक्स आहे ते विचारा.

स्प्रिंग: बोनेल प्रकारात सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे एकजण कुशीवर वळला की दुसऱ्याला हलतं. पॉकेट प्रकारात प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, त्यामुळे हालचाल कमी पोचते. तारेचा गेज विचारताना लक्षात ठेवा, गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक.

आणि ती पांढरी पॅकिंगची शीट. ती दाबली तर करकर वाजते आणि चिमटीत दाबलेला भाग नीट वर येत नाही. झोपायच्या गादीचा मुख्य थर म्हणून ती घेऊ नका.

डेन्सिटीचा हिशेब आपण स्वतः करू शकतो

मी शाळेत गणित-विज्ञान शिकवते. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे सातवी-आठवीच्या मुलांना आपण पाठ करून घेतो. पण दुकानात उभं राहिल्यावर आपल्याला ते आठवत नाही. फोमची डेन्सिटी म्हणजे हेच. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो.

सोपी पद्धत अशी. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी इंचात घ्या. तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१,००० ने भागा. झाले घनमीटर. त्याला डेन्सिटीने गुणलं की गादीचं वजन किती असायला हवं ते कळतं.

अम्मीची गादी ७२ बाय ३६ बाय ५ इंच. गुणाकार १२,९६०. भागिले ६१,००० म्हणजे साधारण ०.२१ घनमीटर. डेन्सिटी ४० असती तर नुसत्या फोमचं वजन साडेआठ किलोच्या आसपास हवं होतं. गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली तर कव्हरसकट ४ किलो ७०० ग्रॅम भरली. म्हणजे कव्हर धरूनही डेन्सिटी २२ च्या वर जात नव्हती. हा हिशेब मी घ्यायच्या आधी केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

डबल गादी ७२ बाय ६० बाय ६ इंच असेल तर ०.४२ घनमीटर होतात. ४० डेन्सिटीला सुमारे १७ किलो, ३२ ला साडेतेरा, २० ला साडेआठ किलो. कव्हरचं एक-दोन किलो त्यात धरा. हा हिशेब एकाच मालाच्या फोमच्या गादीला चालतो. थर वेगवेगळे असतील तर प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी वेगळी विचारावी लागते. काथ्या आणि रीबॉन्डेड मुळातच जड असतात, त्यांना फोमचे आकडे लावू नका.

मोठ्या माणसाला रोज झोपायला साध्या पीयू फोमची डेन्सिटी ३२ च्या खाली नको, ४० असेल तर उत्तम, असा ढोबळ नियम धरा. पाहुण्यांसाठी वर्षातून चार वेळा अंथरायची असेल तर त्याहून कमीही चालेल. मेमरी फोमचा थर ५० किंवा त्याहून जास्त असला तर बरा.

एक सावधगिरी. काही ठिकाणी वजन वाढवायला फोममध्ये खडूसारखी पूड मिसळतात. असा फोम जड भरतो, पण लवकर तुटतो. उघडा फोम बोटांनी जोरात चोळून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली किंवा कडा चुरगळून तुकडे पडले तर तो नको.

कडक म्हणजे मजबूत नव्हे

आपल्याकडे समज आहे की गादी जितकी कडक तितकी पाठीला चांगली आणि तितकी जास्त टिकणारी. दोन्ही गोष्टी जशाच्या तशा खऱ्या नाहीत. डेन्सिटी म्हणजे आत माल किती भरला आहे ते. कडकपणा ही वेगळी गोष्ट. चांगला मेमरी फोम भारी असूनही मऊ असतो, आणि हलका फोम रसायनांचं प्रमाण बदलून कडक करता येतो. असा कडक-हलका फोम दुकानात दमदार वाटतो आणि वर्षभरात बसतो.

पाठीचं म्हणाल तर २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना कडक आणि मध्यम कडक अशा दोन प्रकारच्या गाद्या दिल्या. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. म्हणजे फळीसारखी गादी हा कंबरदुखीवरचा इलाज नाही. आणि "ऑर्थो" हा शब्द कव्हरवर छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही. दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि गादी अंगाला बघून घ्या. तान्ह्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी, त्याला सपाट आणि घट्टच गादी लागते. बाळ रुतेल अशी मऊ गादी धोक्याची.

दुकानात काय करायचं

१. घरून मोजपट्टी न्या. पलंगाचं आतलं माप आधी लिहून ठेवा. लांबी ७२, ७५ आणि ७८ इंच अशी वेगवेगळी येते. जाडी स्वतः मोजा, पाच इंच म्हणून साडेचार इंच देणारेही भेटतात.

२. चेन असलेलं कव्हर मागा. चेन उघडून थर बघा. "चेन नुसती शोभेची आहे, उघडत नाही" असं उत्तर आलं तर त्या मालाचा कापलेला नमुना दाखवायला सांगा. चांगल्या दुकानात असे तुकडे ठेवलेले असतात.

३. सामान तोलायचा हुकाचा काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो सोबत न्या. लाज वाटू देऊ नका, सोनं तोलून घेतो तशी गादीही तोलून घ्या.

४. गुडघा रोवून अर्धा मिनिट दाबा आणि काढा. साधा फोम लगेच वर यायला हवा. मेमरी फोमला काही सेकंद लागतील. गुडघ्याला खालची फळी लागली तर तुमच्या वजनाला ती गादी पुरणार नाही.

५. काठावर बसा. गादी तिथेच आधी खचते, कारण आपण सकाळ-संध्याकाळ काठावरच बसतो. शिवण, कडेची पट्टी आणि चारही कोपरे बघा.

६. चपला काढून दहा-पंधरा मिनिटं झोपा, रोज ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर. पाठीवर झोपून कंबरेखाली हात घाला. हात सहज आरपार गेला तर गादी जास्त कडक. हात अडकला आणि कंबर खाली गेल्यासारखी वाटली तर जास्त मऊ. नवरा-बायको दोघं गेलात तर दोघंही झोपून बघा. म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर त्यांनाच सोबत न्या. मी अम्मीला नेलं नव्हतं, हीसुद्धा माझी चूकच.

७. आयएसआय खूण असेल तर तिच्यासोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघता येतो.

दारावर टेम्पोतून येणाऱ्या स्वस्त गाद्या तर उघडून बघितल्याशिवाय घेऊच नका. नव्या खोळीत जुना फोम असू शकतो, आणि त्यासोबत ढेकूण फुकट येतात. तक्रार घेऊन जायचं म्हटलं तर तो टेम्पो पुन्हा सापडत नाही.

कापसाची गादी आणि आपला पिंजारी

हा विषय आपल्या घरचा आहे. महाराष्ट्रातला पिंजारी समाज, कुणी मन्सूरी म्हणतं तर कुणी नदाफ, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आला. आमच्या लहानपणी पिंजणीच्या तारेचा आवाज गल्लीत आला की आया जुन्या गाद्या अंगणात काढायच्या. आता पिंजायचं यंत्र आलं, गिऱ्हाईक कमी झालं, कापसाच्या धुळीने कारागिरांच्या छातीचे त्रासही आहेत. पण चांगला कारागीर आजही मिळतो, आणि कापसाच्या गादीचा मोठा फायदा हा की माल आपल्या डोळ्यांसमोर भरला जातो.

इथेही बघून घ्या. कापसाचा पुंजका दोन्ही हातांनी ओढा. चांगल्या कापसाचे तंतू लांब निघतात. लगेच तुटले, रंगीत दोरे किंवा चिंध्यांचे कण दिसले तर तो गिरणीतला टाकाऊ कापूस किंवा जुन्या कपड्यांचा भुगा. काळे ठिपके म्हणजे सरकीचा कचरा. दोन-चार तंतू घराबाहेर, मोकळ्या जागी जाळून बघा. कापूस कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होते. वितळून टणक गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे. ही परीक्षा फक्त चिमूटभर कापसाची, फोमची करू नका. फोम भडकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. म्हणूनच फोमच्या गादीजवळ डासांची कॉइल आणि अगरबत्तीही नको.

सहा बाय तीनच्या गादीला साधारण ८ ते १२ किलो कापूस लागतो. कापूस समोर तोलून घ्या, टाके जवळजवळ घालायला सांगा, नाहीतर कापूस एका बाजूला गोळा होतो. दोन-चार वर्षांनी पुन्हा पिंजून घ्या. सावरीचा कापूस उशीला छान, पण गादीला तो फार लवकर दबतो.

वॉरंटी आणि बिल

वॉरंटीत वर्षं किती हे मोठ्या अक्षरात असतं, अटी बारीक अक्षरात. चार गोष्टी वाचा. किती खोल खळगा पडला तर तक्रार धरतात? बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा एक ते दीड इंच असते. डाग पडला तर वॉरंटी जाते का? पलंग कसा असावा अशी अट आहे का? आणि सुरुवातीच्या काही वर्षांनंतर बदलून देताना पैसे कापतात का? ऑनलाइन गादीवर "१०० रात्री वापरून बघा" असं असेल तर परत नेण्याच्या अटी आधी वाचा.

बिलावर कंपनी, मॉडेल, माप, प्रत्येक थराचा माल, जाडी आणि डेन्सिटी लिहून घ्या. दुकानदार लिहायला तयार नसेल तर त्याच्या तोंडी बोलण्यावर विसंबू नका.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. पण हातात लेखी काहीतरी हवं. माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

घरी आणल्यावर

चांगली गादीही चुकीच्या पलंगावर खचते. फळ्यांमध्ये दोन-तीन इंचांपेक्षा जास्त अंतर नको. बंद पेटीच्या पलंगावर, विशेषतः कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत, खाली बुरशी धरते. तिथे पंधरा दिवसांनी गादी उभी करून हवा लागू द्या. डोकं-पाय ही बाजू तीन महिन्यांनी फिरवा. पहिल्या दिवसापासून धुता येणारी खोळ घाला. अम्मीच्या गादीला खोळ असती तर चहाचा डाग गादीवर पडलाच नसता. कापसाच्या गादीला ऊन द्या, फोम कडक उन्हात ठेवू नका, तो पिवळा पडून भुसभुशीत होतो.

लग्नघरांसाठी एक वेगळी सूचना. बरीच घरं सहा-सहा महिने आधी गादी घेऊन ठेवतात. गुंडाळून, दाबून आलेला फोम महिनोन्‌महिने तसाच ठेवला तर नीट फुलत नाही, आणि वॉरंटी तर बिलाच्या तारखेपासून सुरू झालेली असते. निकाहच्या आधी पंधरा दिवस घ्या, उघडा, दोन-तीन दिवस फुलू द्या आणि मग जाडी मोजा. आणि चार लोकांना दाखवण्यासाठी दहा इंच जाडीची, आत पॅकिंगची शीट भरलेली गादी देण्यापेक्षा पाच इंचाची खरी गादी द्या. मुळात कुणी मागितली म्हणून देऊच नका, पण आपल्या खुशीने देत असाल तर लेकीला झोप लागेल अशी द्या.

अम्मीसाठी मग मी दुसरी गादी घेतली. चेनवाली, ५ इंच, मध्यम कडक, काट्यावर कव्हरसकट ९ किलो १०० ग्रॅम. ९,२०० रुपये पडले. पहिली गादी चौदा महिने चालली, म्हणजे रात्रीला सुमारे १५ रुपये. दुसरीला तीन वर्षं झाली, रात्रीला साडेआठ रुपयांच्या आत आली आणि अजून रोज कमी होतेय. दर ईदच्या आधी घर आवरताना मी गादीवर आडवी दोरी ताणून खाली पट्टी लावते. यंदा मधला खळगा पाव इंचाहून कमी भरला.

सहकारी शिक्षिकेला मी माझा हुकाचा काटा देऊन ठेवला आहे. तुमच्या घरात कुणी गादी घ्यायला निघालं असेल तर त्यांच्याही हातात एक द्या.